हँडीकॅम की मिररलेस? नाटक, गॅदरिंग आणि जंगल टिपणाऱ्या नागपूरकरासाठी

लाखाच्या आतबाहेरची रक्कम बाजूला काढून ठेवली आहे, घरचे आणि ओळखीपाळखीतले कार्यक्रम नीट टिपायचे आहेत, आणि सीताबर्डीत कॅमेऱ्याच्या दुकानात शिरून हँडीकॅम म्हटलं की काउंटरवरचा पोरगा "ते आता कोन घेते, सर?" म्हणत मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटो-व्हिडिओ कॅमेरा, पुढे सरकवतो. तुमचं असं झालं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मी दोन्ही वापरले. आधी मिररलेस, मग हँडीकॅम. फोर-के म्हणजे काय, मेगापिक्सेल किती, हे सगळं तुम्ही बघूनच आला असाल, त्यात वेळ घालवत नाही.

फोनचं आधी निकालात काढू. बहुतेकांना फोन पुरतो. वाढदिवस, बारसं, सहल, रील यासाठी वेगळा कॅमेरा घ्यायची मुळीच गरज नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे लांबून. रेशीमबागच्या सुरेश भट सभागृहात दोन हजारांच्या घरात खुर्च्या आहेत. मधल्या रांगेत बसून मुलीचा नाच फोनवर घेतला तर कोणती मुलगी आपली, हे नंतर कपड्यांवरून ओळखावं लागतं. दुसरं ठिकाण ताडोबा. तिथे सफारीत मोबाइलला बंदी आहे, कॅमेरा चालतो. आपल्या नागपूरकरांचं वर्षाकाठी जंगलात एखादं तरी जाणं होतंच, तेव्हा हा मुद्दा मुंबई-पुण्याच्या माणसाला वाटेल तेवढा किरकोळ नाही.

आता खरी जोडी. एका बाजूला सोनीचा झेडव्ही-ई१० किंवा कॅननचा आर-५० यांसारखा मिररलेस, सोबत येणाऱ्या किट लेन्ससह. दुसऱ्या बाजूला सोनीचा एएक्स-५३ किंवा एएक्स-४३ या जातीचा फोर-के हँडीकॅम. तिसराही एक आहे, एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) एएक्स-७००. पण नवा घ्यायचा तर दीड लाखाच्या पुढेच बोलावं लागतं, म्हणून त्याच्याकडे शेवटी येतो.

चित्राच्या बाबतीत मिररलेस जिंकतो, यात वाद नको. त्याचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो. एएक्स-५३ मध्ये १/२.५ इंची सेन्सर आहे, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. क्षेत्रफळ काढलं तर फरक दहापटीहून जास्त भरतो. अंधारात त्याची किंमत मोजावी लागते. नाटकात निळसर रात्रीचा प्रसंग आला, स्टेजवर एकच दिवा उरला की हँडीकॅमच्या चित्रात मुंग्या दिसायला लागतात. मिररलेसवर तोच प्रसंग स्वच्छ येतो. माणूस समोर बसवून मुलाखत घ्यायची, मागचं सगळं धूसर हवं, लग्नात नवरा-नवरीचे देखणे शॉट हवेत, किंवा त्याच यंत्रावर उत्तम फोटोही काढायचे आहेत, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मिररलेस घ्या.

मात्र एक बघा. किट लेन्समुळे सेन्सरचा तो मोठेपणा अर्धा तिथेच खर्च होतो. सोनीची १६-५० मिलिमीटरची किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते, आणि हा आकडा जेवढा मोठा तेवढा आत येणारा प्रकाश कमी. एएक्स-५३ ची लेन्स पूर्ण ओढल्यावरही एफ ३.८ ला असते. शिवाय ५० मिलिमीटर म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात ७५. तेवढ्यात रंगमंच येतो, नटाचा चेहरा येत नाही. हँडीकॅम २६.८ पासून सुरू होतो आणि वीस पटीने ५३६ पर्यंत जातो. तेवढी पोच मिररलेसला द्यायची तर साडेतीनशे मिलिमीटरची लेन्स वेगळी घ्यावी लागेल. तिचा भाव विचारून बघा. कॅमेऱ्याच्या बजेटमध्ये लेन्स धरायचीच राहते आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही, त्याचा तो धंदाच आहे.

झूमची गोष्ट केवळ पोचेची नाही. हँडीकॅमवर तर्जनीखाली जी पट्टी असते, ती हळू दाबली की चित्र हळू जवळ येतं आणि वाटेत फोकस धरून ठेवतं. फोटोच्या बहुतेक लेन्सा झूम करताना फोकस सोडतात आणि मग कॅमेरा तो शोधत बसतो. फोटोत हे कळत नाही, कारण तुम्ही झूम करता, थांबता, मग बटण दाबता. व्हिडिओत मधला सगळा प्रवास दिसतो. इलेक्ट्रिक झूमच्या लेन्सा मिररलेसलाही मिळतात, सोनीची १८-१०५ चांगलीच आहे. पण तीही घेतली की हिशेब पुन्हा हँडीकॅमच्या पुढे जातो.

एवढ्यावर निर्णय झाला असता का? माझा झाला नसता. चांगल्या चित्रासाठी माणूस झूमची गैरसोय सोसतो. माझा निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे, आणि तो कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही.

माझा पहिला मिररलेस मधेच बंद पडायचा.

बिघडायचा नाही, बरं का. बंद पडायचा. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक आहे, ट्रायपॉड लावला, फ्रेम धरली, लाल ठिपका पेटला, आता निवांत बसून आपल्या मित्राचं काम बघावं. अर्ध्या तासाने ठिपका गायब. आवाज नाही, इशारा नाही. अंकातला सगळ्यात मोठा प्रसंग रंगलेला आणि कॅमेरा स्वस्थ. दुकानात दाखवला तर म्हणे, यात काही दोष नाही, ते असंच असतं.

आणि ते खरंच तसंच होतं. जुन्या फोटो कॅमेऱ्यांना २९ मिनिटं ५९ सेकंदांचं कुलूप असायचं. युरोपात सलग अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणारं यंत्र आयातशुल्काच्या वहीत व्हिडिओ कॅमेरा ठरायचं आणि त्याला शुल्क जास्त पडायचं. ते वाचवण्यासाठी कंपन्यांनी एक सेकंद आधीच कात्री लावली. युरोपच्या शुल्काचा भुर्दंड लक्ष्मीनगरात नाटक बघणाऱ्याने का भरावा, हे मला अजून समजलेलं नाही. नव्या मॉडेलांतून ही अट बऱ्यापैकी गेली आहे. तरी 'बऱ्यापैकी' या शब्दाकडे लक्ष द्या. कॅनन आर-५० ला एका वेळी तासाभराचीच मर्यादा आहे. एकांकिकेला तास पुरेल. दोन अंकी नाटकात मध्यंतर येईपर्यंत जीव टांगणीला. आणि वडसा-देसाईगंजकडची झाडीपट्टीची नाटकं टिपायची हौस असेल, जी रात्री उभी राहतात ती पहाटेपर्यंत चालतात, तर विषयच संपला.

मर्यादा नसलेल्या मिररलेसला दुसरं कारण पुरतं. उष्णता. मोठा सेन्सर फोर-के वाचतो, आतली चिप ते सगळं दाबून फाइलमध्ये बसवते, आणि हे सगळं मुठीत मावेल एवढ्या बंद डब्यात, पंख्याशिवाय. सोनीच्या या कॅमेऱ्यांत तापमानाची एक सेटिंग असते, ती 'हाय' वर ठेवली की बराच वेळ निघतो. स्क्रीन पाठीपासून उघडून बाहेर ठेवली तरी फरक पडतो. हे दोन्ही करा. पण माहितीपुस्तिकेत कॅमेरा चालवायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. म्हणजे लॉनवरच्या दुपारच्या हळदीला कॅमेरा पिशवीतून काढला की पुस्तिका तिथेच हात वर करते. हँडीकॅमच्या पुस्तिकेतही आकडा तोच आहे, हे कबूल. पण त्याचा सेन्सर लहान, डबा ऐसपैस, काम तेवढंच. माझ्या अनुभवात तो तापला, थांबला मात्र नाही. थर्मामीटर लावून मी काही मोजलेलं नाही. तुमच्याकडचा मिररलेस कदाचित माझ्याहून थंड डोक्याचा निघेल.

तिसरं कारण बॅटरी. मिररलेसची बॅटरी मुठीच्या आत बसते, त्यामुळे ती मुठीएवढीच असणार. झेडव्ही-ई१० ची बॅटरी थांबत-सुरू करत घेतलेल्या व्हिडिओला तास-सव्वा तास, सलग घेतला तर जेमतेम दोन तास धरा. हँडीकॅमची बॅटरी पाठीवर बाहेर लटकते, म्हणून हवी तेवढी जाड लावता येते. मोठी लावली की नाटकाचे दोन्ही अंक आरामात जातात. मिररलेसला पॉवर बँकेची वायर लावून चालवता येतं, मीही चालवलं आहे. अंधारात कुणाचा तरी पाय त्या वायरीत अडकेपर्यंत ते ठीक चालतं.

आता या तिन्हींचा मिळून परिणाम काय होतो, ते सांगतो, कारण माझ्या मते तेच मोठं आहे. आपण नाटक बघेनासे होतो. डोळा स्टेजवर नसतो, ठिपक्यावर असतो. दर काही मिनिटांनी मान वळते: चालू आहे ना? किती झालं? बॅटरीची किती कांडी उरली? शेजारी बसलेली बायको विचारते, "काय झालं?" आपण म्हणतो, "काही नाही." टाळ्या पडतात तेव्हा आपण कार्ड बदलत असतो. पोट्ट्यांच्या गॅदरिंगला तर याहून वाईट, कारण तिथे पुन्हा संधी नाही. पुढच्या वर्षी पोरगं दुसऱ्याच नाचात असतं. हँडीकॅम घेतल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते चित्रातलं काही नव्हतं. मान वळणं थांबलं, एवढंच. रेकॉर्ड दाबलं, फ्रेम थोडी सैल धरली, आणि कार्यक्रम बघितला.

यावर कुणी म्हणेल, एवढ्यासाठी दहापट मोठा सेन्सर सोडायचा? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इतकंच की मुंग्यांसकट का होईना, प्रसंग माझ्याकडे आहे.

गर्दीतलं शूटिंग हा दुसरा भाग. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा इतवारी-महालच्या गल्ल्यांत ट्रायपॉड उघडायची गोष्टच नाही. दोन पाय जमिनीवर टेकले तरी नशीब. एएक्स-५३ आणि ४३ मध्ये लेन्स आणि सेन्सर मिळून अख्खा गोळा आत तरंगता ठेवलेला असतो, हात हलला की तो उलट हलतो. "घेऊन जा गे मारबत" च्या गजरात ढकलाढकली होत असतानाही चित्र बघण्यासारखं येतं. झेडव्ही-ई१० आणि आर-५० दोन्हींच्या बॉडीत अशी यंत्रणा नाही. ते चित्राच्या कडा कापून हादरे लपवतात, म्हणजे फ्रेम अजून अरुंद होते. वर चालत्या मिरवणुकीत कॅमेरा झटकन फिरवला तर झेडव्ही-ई१० मध्ये खांब तिरपे झालेले दिसतात.

उन्हात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे डोळा लावायची खिडकी. दुपारी बारा वाजता उघड्या जिप्सीत स्क्रीनवर वाघ आहे की पळस, कळत नाही. आर-५० ला व्ह्यूफाइंडर आहे, झेडव्ही-ई१० ला नाही. हँडीकॅममध्येही एएक्स-५३ ला आहे आणि ४३ ला नाही. दोन्हींत जवळजवळ तोच कारभार आहे, म्हणून दुकानदार ४३ देतो आणि आपण खूश होतो. उमरेड-कऱ्हांडल्याला किंवा पेंचला जाणार असाल तर ५३ शोधाच, जुना मिळाला तरी.

आवाजाबद्दल थोडक्यात. कुठलाही कॅमेरा घ्या, त्याचा अंगचा माइक मागच्या रांगेतल्या खोकल्यासाठीच उत्तम असतो. बाहेरचा माइक लावायचं छिद्र सगळ्यांना आहे. हेडफोनचं मात्र आर-५० ला नाही, म्हणजे काय रेकॉर्ड होतंय ते ऐकता येत नाही. सभागृहाच्या साउंडवाल्याकडून थेट वायर घेणार असाल तर ती लाइन पातळीची, म्हणजे माइकपेक्षा बरीच जोरकस, असते, माइकच्या छिद्रात सरळ खुपसली की आवाज फाटतो. ज्यांना हे दर आठवड्याला करायचं आहे त्यांनी कॅननच्या एक्सए-४० सारखा, वरच्या दांडीवर दोन एक्सएलआर सॉकेट (व्यावसायिक माइकच्या वायरीसाठीची) असलेला कॅमकॉर्डर बघावा. हौशी माणसाने एक छोटा रेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवावा आणि नंतर घरी जुळवावा.

एक सापळा नागपुरात फार दिसतो. भाचा किंवा मेहुणा अमेरिकेत असतो, तिथे स्वस्त मिळतो म्हणून कॅमेरा मागवला जातो. कॅननचे जे कॅमकॉर्डर युरोप-आशियात लेग्रिया नावाने येतात, तेच अमेरिकेत विक्सिया असतात, आणि तिकडचं यंत्र सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवर चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र धडधडतं. शटर हाताने १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधलं की बरंचसं शमतं, पण दरवेळी लक्षात ठेवून करावं लागतं, आणि घरात दुसऱ्या कुणी कॅमेरा हातात घेतला की ते राहतंच. मिररलेसमध्ये बहुधा मेनूतून बदल करता येतो. घरगुती कॅमकॉर्डरमध्ये ती सोय गृहीत धरू नका. शिवाय वॉरंटीचं काय, हे मेहुण्याला विचारायचं नसतं.

कार्डांचा खर्च दोघांनाही सारखाच. १०० एमबीपीएसने (सेकंदाला मेगाबिट) फोर-के घेतलं तर तासाला ४५ जीबी खातं, ६० ने घेतलं तर २७. मी नाटक ६० वर घेतो आणि १२८ चं कार्ड घालतो. फुल एचडीत काम भागत असेल तर तासाला १२-१३ जीबीत होतं. आणि खरं सांगायचं तर नातेवाइकांना जे व्हॉट्सअॅपवर जाणार आहे त्यासाठी फोर-के हा आपलाच हट्ट असतो. त्यामुळे बजेट अगदीच आखूड असेल तर पॅनासोनिकच्या व्ही-७८५ सारखा फुल एचडी हँडीकॅम, वीस पट झूमवाला, हसण्यावारी नेऊ नका. वाचलेल्या पैशात एक दणकट ट्रायपॉड घ्या. हलक्या ट्रायपॉडवर वीस पट झूम म्हणजे भूकंपाचं चित्रीकरण.

हँडीकॅमच्या विरुद्ध सगळ्यात जड मुद्दा राहिला. कंपन्यांनी या वर्गात नवीन काही आणणं जवळजवळ सोडून दिलं आहे. एएक्स-७०० देखील २०१७ चा. मिररलेस घेतला तर लेन्सा पुढच्या बॉडीवर चालतात, पैसा वाढत जातो. हँडीकॅम घेतला तर तो तिथेच संपतो. दहा वर्षांचा विचार करणाऱ्याने मिररलेसकडे झुकावं, हे मी मान्य करतो. मी तेवढ्या लांबचा विचार केला नाही. पोरं ज्या वयात स्टेजवर जातात ती वर्षं थोडीच असतात.

एएक्स-७०० परवडत असेल तर? अंधाराचा प्रश्न तो बराच सोडवतो, सेन्सर तिथे मोठा आहे, उन्हासाठी एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या काचा, आतच आहेत. झूम मात्र वीस पटींऐवजी बारा. सभागृहासाठी उत्तम, जंगलासाठी थोडा तोकडा. लग्नाचं काम करणारे लोक तो काढून मिररलेसकडे वळतात, तेव्हा जुन्या बाजारात तो अधूनमधून दिसतो. माझ्या खिशाला तेव्हा झेपला नाही. झेपला असता तर हा लेख बहुधा एका ओळीचा झाला असता.

जुना हँडीकॅम घेणार असाल, आणि मला वाटतं त्यातच आज जास्त अर्थ आहे, तर दुकानात दोन मिनिटं चालवून बघू नका. स्वतःचं मोकळं कार्ड घेऊन जा. झूम टोकापर्यंत ओढून पांढऱ्या भिंतीवर धरा, लेन्समधली बुरशी किंवा डाग असतील तर दिसतील. व्ह्यूफाइंडर बाहेर ओढून आत ढकला, तिथली पट्टी सैल झालेली नसावी. कान लावून झूमची मोटर ऐका, खरखर नको. मग सगळ्यात वरच्या दर्जाला फोर-के लावा, रेकॉर्ड दाबा, तसाच काउंटरवर ठेवायला सांगा आणि बर्डीतली बाकीची खरेदी उरकून या. तासाभराने परत आलात आणि ठिपका लाल असेल तर भाव करायला बसा. दुकानदार म्हणाला की एवढा वेळ कशाला चालवायचा, तर दुसरं दुकान बघा.